कडकबाईंनी जाळलेला पोशाख

गल्लीत त्या दिवसांत कुजबुज अशी होती, की कडकबाईंनी सख्ख्या धाकट्या बहिणीचा लग्नाचा रेशमी पोशाख मुद्दाम जाळला. स्वतःचा स्तन गेला, बाईपण गेलं, मग चाळिशीत नवरी होणारी बहीण डोळ्यांत सलणारच की! "आणि जाळला कुठे, तर नेमका डाव्या छातीवर," असं बेकरीवाली पाव बांधता बांधता गिऱ्हाइकाच्या कानाशी लागून सांगायची. 'छाती' म्हणताना आवाज इतका खाली आणायची, की ऐकणाऱ्याला वाकावंच लागायचं. वाकलेलं गिऱ्हाईक जाताना चार पाव जास्त घेऊन जायचं.

पाहिलं कोणी? कोणीच नाही. पण पाहिलं नाही म्हणून सांगायचं नाही, इतकी सभ्य गल्ली ती नव्हती.

कडकबाई म्हणजे बेकरीच्या शेजारच्या इस्त्रीच्या दुकानाची मालकीण. दुकान कसलं, एक लांबट खोली. मध्ये टेबल, टेबलावर घडी घातलेली घोंगडी, तिच्यावर पांढरी चादर, भिंतीला कपड्यांचे गठ्ठे, आणि कोपऱ्यात तिची इस्त्री. त्या इस्त्रीला ती 'रेडा' म्हणायची. रेड्याचं वजन असं, की नवख्याने उचलला तर मनगटातून कळ निघावी. विजेवर चालायचा खरा, पण त्याचं गरम-मध्यम-गारचं बटण कधीचंच निकामी झालेलं. कुठेही फिरवा, रेडा आपल्या मनाने तापायचा. नवरा म्हणायचा, "अगं, नवीन घेऊ." ती म्हणायची, "तुम्हालाही बटण नाही. तुम्हाला बदललं का?"

'कडक' हे नाव तिच्या घडीवरून पडलं होतं की जिभेवरून, यावर गल्लीत दोन पक्ष होते. शर्टाची बाही ती अशी काढायची की धार हाताला लागावी. आणि कपडा न्यायला उशीर केलेल्या गिऱ्हाइकाला असं बोलायची की धार जिव्हारी लागावी. पण एक गुण तिच्यात असा होता, जो बेकरीवालीत औषधालाही नव्हता. कोणाच्या कॉलरला कोणाचं अत्तर लागलंय, कोणत्या नवराबायकोचे कपडे आताशा वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून येतात, हे सगळं तिला कळायचं, आणि ती अवाक्षर बोलायची नाही. गल्लीचा अर्धा इतिहास तिच्या टेबलावरून सपाट होऊन परत गेला.

आणि एवढ्या वर्षांत तिच्या हातून रुमालसुद्धा जळला नव्हता. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे हेच तिच्या मुळावर आलं.

तापलेली इस्त्री जोखायची प्रत्येकाची रीत असते. कोणी थुंकीचं बोट लावतं, कोणी पाणी शिंपडतं, बरेच जण गालाजवळ नेतात. कडकबाई इस्त्री उजव्या हातात धरून डाव्या दंडाच्या आतल्या बाजूजवळ न्यायची, टेकवायची नाही, फक्त जवळ. ही रीत बापाची. तोही याच टेबलाशी उभा राहून म्हातारा झाला. तो सांगायचा, "गाल खोटं बोलतो, पोरी. उन्हातून आलीस की गाल तापलेला, रडलीस की तापलेला, लाजलीस की तापलेला. दंडाची आतली बाजू जन्मभर सावलीत. ती खोटं बोलायला शिकलेलीच नसते." दंडाने 'हं' म्हटलं की सुती, 'अं' म्हटलं की रेशीम. इतर लोक रेशमावर ओलं फडकं टाकून मग इस्त्री फिरवतात. ती नाही. दंड असताना फडकं कशाला?

मग आंघोळ करताना तिच्या डाव्या स्तनाला गाठ लागली.

पुढचं सगळं भराभर झालं. तपासण्या झाल्या, ऑपरेशनची तारीख मिळाली, स्तन काढला, त्याबरोबर काखेतल्या गाठीही काढल्या. ऑपरेशनच्या आधी तिने सर्जनबाईंना एकच प्रश्न विचारला, "डावं ना? मग उजवा हात माझा मलाच राहील?" सर्जनबाई हसल्या. म्हणाल्या, "दोन्ही तुमचेच राहतील."

तिची काळजी घ्यायला धाकटी बहीण येऊन राहिली. धाकटी म्हणजे आईबापांच्या आजारपणात जिचं लग्न राहून गेलं ती. आता ते दोघेही नव्हते, आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका शांत विधुराने तिला विचारलं होतं. गल्लीला हे कळल्यावर गल्लीने करायची तेवढी मजा करून घेतली. "वेळेवर मागणी घातली म्हणायची," असं कोणी म्हणायचं आणि सगळे खिदळायचे. कडकबाईही खिदळली. बहिणीला म्हणाली, "माणूस बरा आहे गं. फक्त घरात टिकटिक फार होईल." लग्न नोंदणी कचेरीत, दोन सह्या, घरचेच लोक. पण पोशाख मात्र रेशमाचा. आईने वर्षानुवर्षं ट्रंकेत जपलेलं मोतिया रंगाचं कापड होतं, त्याचा शिवून घेतलेला. थोरलीच्या लग्नात ते कापड निघालं नव्हतं. का निघालं नव्हतं, ते आईलाच ठाऊक. थोरलीने कधी विचारलं नाही. गल्लीने मात्र नंतर विचारलं.

घरी सोडताना सर्जनबाईंनी तिला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, "ऑपरेशन हे अर्धं काम. गाठींमध्येही आजार सापडलाय, त्यामुळे पुढची औषधं द्यावीच लागतील, आणि ती वेळेत सुरू व्हायला हवीत. पण जखम भरल्याशिवाय मी ती देऊ शकत नाही. त्या औषधांनी अंगाची भरून यायची ताकद कमी होते. तेव्हा आता तुमचं काम एकच. जखम भरू द्या."

नवरा एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवायचा. दिवसभर लोकांना वर-खाली नेऊन नेऊन त्याला कमी बोलायची सवय लागली होती. त्याने फक्त मान डोलावली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ऐकलंत ना? भरली तर औषध. नाही भरली तर?" तो म्हणाला, "भरेल." ती म्हणाली, "तुम्ही कितवा मजला सांगितल्यासारखं सांगताय."

आणि जखम काही केल्या भरेना.

आधी ती नळी. काखेखालून निघालेली रबरी नळी, तिच्या टोकाला बाटली, बाटलीत लालसर पाणी. धाकटीने जुन्या उशीच्या अभ्र्याची पिशवी शिवून दिली, कडकबाईने धाकटीकडून तिला इस्त्री मारून घेतली, आणि ती पिशवी गळ्यात अडकवून ती घरभर फिरायची. "शाळेत चालले," म्हणायची. पाणी कमी झालं म्हणून नळी काढली, तर आत पुन्हा पाणी साचलं. काखेखाली लिंबाएवढा, मग मोसंब्याएवढा फुगा. हात खाली सोडला की काखेत कोणाची तरी पुरचुंडी धरल्यासारखं वाटायचं. दवाखान्यात जायचं, नर्सबाई सुईने ते ओढून काढायच्या, घरी यायचं, पुन्हा भरायचं. नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, हे होतं बऱ्याच जणींना. घाबरू नका. हात जपा, त्या हाताला कापू-भाजू देऊ नका, आणि बधिरपणा राहील थोडा."

भाजू देऊ नका! हे तिला सांगत होत्या. ती हसली आणि पुढचं ऐकायचं राहून गेलं. बधिर म्हणजे काय, ऑपरेशनच्या भुलीचा असेल थोडाफार, जाईल.

मग टाक्यांच्या कडेची कातडी काळपट पडू लागली. एखाद्या कपड्याची कड जास्त तापल्यावर पडते तशी. तिने आरशात पाहिलं आणि मनात म्हणाली, ही करपली. सर्जनबाई म्हणाल्या, "इथे रक्त नीट पोचत नाहीये. थोडी वाट पाहू. औषधांची तारीख आपण थोडी पुढे नेऊ."

पुढे नेऊ. त्या दोन शब्दांनी तिची झोप गेली. ती धाकटीला म्हणाली, "माझ्याकडे लोक यायचे, कपडा आजच पाहिजे म्हणायचे, मी म्हणायचे उद्या या. आता कळलं गं, उद्या या म्हणजे काय ते."

त्या दिवसांत तिचं सगळं डावं अंग कलकलाट करत होतं. टाके ओढायचे, काख ठणकायची, छातीवर जिथे काही नव्हतं तिथेही खाज सुटायची, हात खांद्याच्या वर जायचा नाही. आता सांगा, चार पोरं एका सुरात रडताहेत अशा घरात गप्प बसलेलं पाचवं पोर कोणाच्या ध्यानात येईल? दंडाच्या आतल्या बाजूचा एक वीतभर पट्टा काहीच बोलत नव्हता. तो काही बोलत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी शिंप्याकडून पोशाख आला. घडी पडलेला, बाहीला सुरकुत्या. धाकटी म्हणाली, "पलीकडच्या लाँड्रीत देते."

"लाँड्रीत? आईचं रेशीम? ते लोक वाफ मारतात वाफ. भाजी आहे का ती?"

"ताई, तुला उठायचं नाहीये. भाऊजी, सांगा ना हिला."

भाऊजींनी कधी कोणाला काही सांगितलं होतं म्हणून आता सांगणार? ते डबा घेऊन कामावर गेले. धाकटी घड्याळवाल्याकडे काही ठरवायला म्हणून निघाली. जाताना पोशाख हँगरवर लावून दाराच्या खिळ्याला अडकवून गेली आणि म्हणाली, "आल्यावर देऊन येते. हात नाही लावायचा. शप्पथ."

"नाही लावत, जा. तू तुझं तोंड चालव, तोंड. नवऱ्याला बोलून घे आत्ताच, नंतर ऐकू येणार नाही त्या टिकटिकीत."

धाकटी हसत गेली. आणि घरात ती आणि पोशाख असे दोघेच उरले.

तिने पोशाख खाली काढला. समोर धरला. शिंप्याने काम नेटकं केलं होतं. पुढच्या भागाला छातीसाठी दोन बाजूंना दोन चिमटे घेतले होते, दोन हलके उभार, आत अंग नसतानाही उभे राहणारे. ती बराच वेळ त्या चिमट्यांकडे बघत राहिली. मग तिच्या मनात काय आलं, ते तिने पुढे कधीतरी एकाच माणसाला सांगितलं. ते येईलच.

दुकान घराच्या खालीच. जिना उतरली. इस्त्री उजव्या हातात, ऑपरेशन डाव्या बाजूला. मग नियम मोडला कोणता? असा हिशेब जिन्यातच मांडून ती मोकळी झाली. दुकानात धूळ बसली होती. चादर झटकली, रेड्याची वायर लावली, आणि खूप दिवसांनी तिला बरं वाटलं. रबराचा तो कोमट वास आला. घोंगडीवर तळवा फिरवला. इथे ती कोणाची पेशंट नव्हती.

तिने पोशाख पुढच्या बाजूने पसरला. रेडा तापू दिला. कष्टाने डावा हात अंगापासून थोडा बाजूला केला, बाही वर सरकवली, आणि रेडा उचलून दंडाजवळ नेला.

काही नाही. गार.

म्हणाली, "इतके दिवस बंद होता, आळसावला." ठेवला. थांबली. पुन्हा उचलला, पुन्हा दंडाजवळ. गारच. वायर हलवून पाहिली. तिसऱ्यांदा अगदी जवळ नेला, हात जड झालेला, आणि रेड्याचं टोक दंडाला टेकलं असावं. असावं म्हणायचं, कारण तिला ते कळलंच नाही. तिला वाटलं, आता कुठे 'अं' म्हणतोय. रेशमाला एवढंच हवं.

तिने रेडा मोतिया रेशमावर ठेवला, छातीच्या डाव्या चिमट्यावर, जिथून ती कायम सुरुवात करायची.

रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. तो वास आधी आला, मग तिने रेडा उचलला, पण रेशीम रेड्याबरोबरच उठून आलं. खाली इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचं भोक, कडा तपकिरी, आणि भोकातून खालची पांढरी चादर दिसत होती. ती दोन्ही हातांनी कडा जुळवायला गेली. डावा हात वर येईना. तशीच ती खाली बसली, टेबलाच्या पायाला टेकून, आणि धाकटी परत आली तेव्हाही तिथेच होती.

धाकटीने आधी तिला पाहिलं, मग टेबलावर पाहिलं.

"हे काय गं?"

"जळला."

"जळला म्हणजे? तुझ्या हातून?"

"गार होती इस्त्री. अगं खरंच गार होती."

धाकटीने रेड्याकडे हात नेला आणि झटकन मागे घेतला. तिचा चेहरा बदलला. तो बदल कडकबाईने पाहिला.

"तुझ्या हातून आजवर रुमाल जळलाय?" धाकटी हळू म्हणाली. "सांग ना, ताई. एकदा तरी? लोकांचे कसले कसले कपडे आले या टेबलावर. एकाचं बटण वितळलं नाही. आणि आज आईच्या रेशमाची वेळ आली तेव्हा इस्त्री गार होती?"

आता या जागी कोणीही असतं तर आकांडतांडव करतं. कडकबाईची जीभ तर गल्लीत नावाजलेली. पण ती गप्प राहिली. कारण वर, खोलीत, ते चिमटे बघताना तिला जे वाटलं होतं, ते आता तिच्या समोर येऊन बसलं. तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. बापाचा दंड कधी खोटं बोलत नाही. दंड म्हणाला गार. इस्त्री तर तापून लाल. मग खोटं कोण बोललं? तिला वाटलं, मीच. माझ्या आतल्या कोणीतरी केलं हे, मला न सांगता.

"बोल काहीतरी," धाकटी म्हणाली. "नाही तरी म्हण."

ती 'नाही' म्हणाली नाही.

धाकटीने पोशाख गोळा करून छातीशी धरला आणि गेली. दुकानाच्या दारात बेकरीवाली भेटली. बेकरीवालीला फक्त दोन गोष्टी दिसल्या, रडणारी नवरी आणि जळलेलं भोक. तिला तेवढं पुष्कळ होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या त्या टोकापर्यंत बातमी पोचली, आणि पोचेपर्यंत तिच्यात कात्रीही आली होती. दुसऱ्या दिवशी धाकटीने साध्या सुती पोशाखात सह्या केल्या. तिथे थोरली नव्हती. तिला कोणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी ती उठू शकली नसती, कारण सकाळपासून तिला हुडहुडी भरली होती.

नवरा लिफ्ट सोडून घरी राहिला. त्याने दोन पांघरुणं घातली, तिसरं घातलं. ती दातावर दात आपटत म्हणत होती, "गेली का वेळ? झाल्या का सह्या?" त्याने तिचा डावा हात पाहिला. कोपरापासून खांद्यापर्यंत लाल, सुजून चकचकीत, आणि काखेखालचा फुगा दगडासारखा टणक. तो खाली धावला. रिक्षा आणली आणि तिला उचलून खाली नेलं.

दवाखान्यात सर्जनबाईंनी पट्टी सोडली. साचलेलं पाणी नासलं होतं. टाक्यांची काळी कड उसवत होती. जखम उघडून सगळं धुऊन काढावं लागलं. सलाईनमधून औषधं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सर्जनबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "जखम आता शिवता येणार नाही. तळातून वर भरत यायला हवी. रोज धुवायची, रोज पट्टी."

"आणि ते पुढचं औषध?"

"आत्ता नाही."

"कधी?"

"आत्ता मला सांगता येणार नाही."

"पण तुम्हीच म्हणालात ना, वेळेत."

सर्जनबाईंनी तिच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं. "हो," त्या म्हणाल्या. "मीच म्हणाले होते."

त्या गेल्यावर नर्सबाई तिचा हात पुसायला आल्या. दंड हळूच फिरवला आणि म्हणाल्या, "मावशी, हे कुठे भाजलं?"

"काय भाजलं?"

"हे काय, दंडाला आतून. केवढा फोड येऊन फुटलाय. इथूनच तर शिरलं असणार सगळं."

"मला कुठे भाजलंय? काहीतरीच. मी इस्त्रीवाली आहे बाई."

नर्सबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "डोळे मिटा बरं. मी औषध लावते. जरा झोंबेल. झोंबलं की सांगा."

तिने डोळे मिटले. वाट पाहिली.

"लावा की."

"लावते."

"लावा ना बाई, किती वेळ? मला काय लहान पोर समजता?"

"लावून झालं, मावशी," नर्सबाई म्हणाल्या.

तिने डोळे उघडले. दंडावर पिवळं औषध पसरलं होतं आणि त्याच्या मधोमध लाल, ओली, टोकदार खूण होती. ते टोक तिच्या ओळखीचं होतं. ते टोक ती रोज पाहायची. तिने उजव्या हाताचं बोट त्या खुणेच्या शेजारी टेकवलं. बोटाला दंड कळला. दंडाला बोट कळलं नाही. असं तिने बऱ्याचदा केलं. मग ती मोठ्याने हसली, इतकी की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते नवऱ्यालाही कळलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "अप्पा म्हणायचे, हा खोटं बोलायला शिकलेलाच नाही. मुका झाला हो. मुका झाला आणि मला सांगितलंसुद्धा नाही."

लिफ्टवाला त्याच पावली निघाला आणि घड्याळवाल्याच्या दारात जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो सलग बोलला असेल. बोलून झाल्यावर घरातली सगळी घड्याळं ऐकू येत होती म्हणे. धाकटीने चपला घातल्या.

ती आली तेव्हा कडकबाईचा ताप पुन्हा चढला होता. धाकटी खाटेवर बसली. बहिणीचा डावा हात उशीवर ठेवलेला होता, त्याची आतली बाजू तिने पाहिली, पुष्कळ वेळ पाहिली. आपल्या पर्समधून तिने मोतिया रेशमाची घडी काढली आणि उलगडली. भोक होतं तिथलं टोक आणि दंडावरचं टोक. जुळवून पाहायची गरज नव्हती.

"आणलास कशाला?" कडकबाई म्हणाली.

"टाकवेना."

"हे बघ, तुला एक सांगायचंय. वर, तो हातात घेतला ना, तेव्हा मला वाटलं होतं. की हिला का? मला का नाही? कापडही हिलाच, सगळंच हिला. एक क्षण वाटलं. खोटं नाही बोलत."

"मला माहीत आहे."

"कसं?"

"माझंही लग्न राहिलं होतं ना गं इतकी वर्षं. तुझ्या घरी आले की मलाही वाटायचं. म्हणून तर पटलं मला, तू जाळलास ते."

धाकटीने तिचे घामाने चिकटलेले केस कपाळावरून मागे घेतले. नवरा खिडकीशी उभा होता. सर्जनबाई आल्या, पट्टीच्या खाली पाहिलं, आणि तारखेचं काहीच बोलल्या नाहीत. कडकबाईनेही विचारलं नाही. त्या गेल्यावर ती धाकटीला म्हणाली, "विचारलं तर उद्या म्हणतील गं." आणि डोळे मिटून घेतले.

त्या आठवड्यात तारीख ठरली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. जखम तळातून भरत होती, पण इतकी सावकाश, की धाकटी रोज पट्टी सोडताना श्वास रोखायची आणि बांधताना सोडायची. गल्लीत बेकरीवालीने नवं काढलं की बहिणी लोकांना दाखवायला एक झाल्यात, आतून धुसफूस आहेच. चार पाव जास्त गेले. दुकान बंद होतं. रेडा टेबलावर उभा होता, त्याच्या टोकाला रेशमाचा तपकिरी चट्टा चिकटलेला, आणि तो खरवडायला कोणाला सवड नव्हती.

खरं एवढंच. काखेतल्या गाठी काढताना कातडीकडे जाणारी एक नस कापली गेली होती. त्यामुळे डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला गरम-गार कळत नव्हतं. इस्त्री तापलेली होती आणि तिला ती गार वाटली. पोशाख तिने मुद्दाम जाळला नव्हता.